मॉरिशसची तालीम

नाटक शिकवायला मी मॉरिशसला गेलो तेव्हा पिशवीत तीन संहिता होत्या. तिन्ही तशाच परत आणल्या. असं का झालं, ते आज गणपतीपुळ्यात सांगायला मिळतंय याचा मला आनंद आहे, कारण गोष्ट मुळात आपल्याच किनाऱ्याची आहे.

1834 पासून इंग्रजांनी करारावर मजूर तिथल्या उसाच्या मळ्यांत नेले. त्यांत आपल्या रत्नागिरीकडचीही माणसं होती. त्यांच्या वंशजांकडे आजही गणपती बसतो आणि त्याच्यापुढे जाखडी होते. तिथे तिला ‘झाकरी’ म्हणतात. घरातली बोली मात्र क्रिओल. मी ज्या गावात राहिलो ते उसावर जगलेलं. 2006 ते 2009 या काळात युरोपने साखरेची हमी किंमत 36 टक्क्यांनी उतरवली आणि अशा गावांचा आधारच डळमळला. माझ्या तालमीला येणारी पोरं हॉटेलातली पाळी संपवून, पाय ओढत येत.

त्यांच्याकडून मी पहिले आठ दिवस वाक्यं घोकून घेतली. फार चुकलो. ‘ळ’ सुधारला, चेहरे कोरेच राहिले.

मग संहिता मिटली आणि म्हटलं, तुमच्या भाषेत करा. प्रसंग एवढाच दिला: बोट सुटायला आलीय, नवरा हाक मारतोय, बायको हलत नाही. एक मुलगी जमिनीवर बसली आणि म्हणाली, ‘मो पा पू आले.’ मी नाही जाणार. ते तिने तीनदा म्हटलं, दर वेळी वेगळं. चौथ्यांदा मराठीत म्हणून बघ म्हटलं, तर ‘नाही जाणार मी’ असं आलं. शब्दांचा क्रम तिने स्वतः लावला होता, आणि तो अचूक होता.

तिथून नाटक उभं राहिलं. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या जुन्या नोंदी जपलेल्या आहेत. नाव, वय, गाव. तेवढ्यावर पोरांनी माणसं रचली. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावरच्या दगडी पायऱ्या आम्ही बाकांच्या केल्या. आणि बोट हलते तिथे झाकरीचा फेर धरला. तो मला बसवावा लागला नाही. उलट पाऊल कुठे मोडायचं ते त्यांनीच मला शिकवलं.

बाहेर शिकवायला निघणाऱ्या तरुणांना माझं कळकळीचं सांगणं आहे: पंधरा दिवसांसाठी जाऊ नका. निदान तीन महिने काढा आणि पहिला महिना फक्त ऐका. तुम्ही परतल्यावर तालीम घेणारं कोणीतरी तिथलंच तयार व्हायला हवं. त्या मुलीने पुढचं नाटक स्वतः बसवलं, ही माझी सगळ्यात मोठी कमाई.

निघताना त्यांना विचारलं, पुढच्या खेपेला काय आणू? पुस्तकं मागतील असं वाटलं होतं, पण त्यांनी मृदंग दुरुस्त करणारा माणूस मागितला. त्यांच्या मृदंगाची शाई उडाली आहे आणि पुडी बसवणारं तिथे कोणी उरलेलं नाही. आपल्या नमन मंडळांतलं हे काम जाणणारं इथे कोणी असेल, तर व्याख्यान संपल्यावर मला भेटा.