नवकांकरीचा पट
(पालक व शिक्षक यांच्या सभेंतील भाषण)



कॅस्टीलचा राजा दहावा अल्फोन्सो याच्या आज्ञेनें १२८३ सालीं खेळांचा एक सचित्र ग्रंथ पुरा झाला. त्यांत बुद्धिबळें व फांसे यांजबरोबर आपल्या नवकांकरीच्या जातीचा खेळही आहे. इंग्लंडांत कँटरबरी व ग्लॉस्टर येथील मठांच्या दगडी बांकांवर त्याचे पट कोरलेले आहेत.

शाळेंत हा खेळ शिकविण्यास खडूखेरीज खर्च नाहीं. एकांत एक असे तीन चौकोन काढून त्यांच्या बाजूंचे मध्य चार रेषांनीं जोडावे. चोवीस घरें होतात. दोघांनीं नऊ नऊ खडे आळीपाळीनें मांडावे. आपले तीन खडे एका रेषेंत सलग आले कीं प्रतिपक्षाचा एक उचलावा. सारे मांडून झाल्यावर रेषेवरून शेजारच्या रिकाम्या घरीं सरकावें. ज्याचे दोनच खडे उरले, अथवा ज्यास हलतां येत नाहीं, तो हरला.

नियम आधीं सांगावे. डाव चालूं असतां ते शिक्षकानेंही बदलूं नयेत. थोरांनीं नियम मोडला तर तो केवळ दुर्बळांकरितां असतो, असेंच मुलें शिकतील. रडणाऱ्या बालकास खोटें जिंकवूं नये; त्यास पुन्हां खेळावयास बसवावें. आज सायंकाळीं प्रत्येक घरीं एक पट आंखला जावा, एवढीच आमची विनंति आहे.