मांजर सारखं खाजवतंय?

मांजर सारखं मान खाजवत असेल, तर एक सोपी परीक्षा करा. उवांच्या बारीक फणीनं त्याच्या शेपटीच्या बुडाजवळचे केस विंचरा आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. कणाभोवती तांबूस डाग पसरला, तर ती माती नव्हे, पिसवांची विष्ठा. म्हणजे मांजराचं पचलेलं रक्तच!

पिसवांच्या औषधाचे थेंब मानेच्या मागे, जीभ पोचत नाही तिथे, केस बाजूला सारून थेट कातडीवर टाकायचे. पण औषध मांजराचंच हवं. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, ते मांजराच्या जिवावर बेततं. रॉकेल, फिनेलचं तर नावही काढू नका. मांजर दिवसभर अंग चाटतं, हे आपण विसरतो.

आणि खरी फौज अंगावर नसतेच. अंडी गळून गोधडीत, सोफ्याच्या फटीत पडतात. कोशातली पिसू कित्येक आठवडे दबा धरून बसते. म्हणून अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा आणि मांजर बरं दिसलं तरी डॉक्टरांनी सांगितलेले डोस चुकवू नका. अंग चाटताना पिसू गिळली गेली, तर पोटात चपटे जंत होऊ शकतात. त्याचंही औषध डॉक्टरांकडून मागून घ्या.