नऊ एकांचा वर्ग

फळ्यावरची ही सतरा आकडी संख्या पाहा : १२३४५६७८९८७६५४३२१. एकापासून नऊपर्यंत चढते आणि तशीच एकापर्यंत उतरते. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तल्या स्थानांनी वाचली, तर एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी अशी सुरुवात होते. परार्ध फक्त एक घर पुढे राहतो.

ही संख्या म्हणजे १११११११११ चा वर्ग. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर अशा संख्यांना 'डेम्लो संख्या' म्हणत. डेम्लो म्हणजे आजचं डोंबिवली स्थानक. कापरेकरांच्या संख्यांना निव्वळ गंमत म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. गंमत आहेच, पण तिच्यामागचं कारण शोधायला लागलं की खरं गणित सुरू होतं.

हा गुणाकार शाळेतल्या रीतीने मांडा. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे. आता उभी बेरीज करा. उजवीकडून पहिल्या घरात एक, मग दोन, मग तीन. मधल्या घरात नऊ. पुढे पुन्हा उतार. बेरीज नऊच्या वर कुठेच जात नाही, म्हणून हातचा लागत नाही. दहा एक घेतले की मधल्या घरात दहा येतात, हातचा डावीकडे सरकतो आणि उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. चढउताराची ती मांडणी मोडली!

म्हणजे हा चढउतार आपल्या दशमान लिखाणाचा गुण आहे. अष्टमान पद्धतीत तीच संख्या लिहिली, तर तो दिसणार नाही. पण ती पूर्ण वर्ग आहे, हे कुठल्याही पद्धतीत खरंच राहील. १११११११११ चे मूळ अवयव ३, ३, ३७ आणि ३३३६६७. त्यावरून आपल्या संख्येचे विभाजक ४५, हेही तसंच.

आता मला सर्वांत आवडणारी गोष्ट. या संख्येतल्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ नेच तिला निःशेष भाग जातो. नऊची कसोटी आपण शाळेत शिकलो, पण ती पुढे ताणता येत नाही. १८९९ च्या अंकांची बेरीज २७, तरी २७ ने भागल्यावर बाकी ९ उरते. मग इथे का जमलं? कारण १११११११११ म्हणजे ९ गुणिले १२३४५६७९. हा गुणाकार नवव्या शतकात महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रहा'त दिला आहे. तिथेच सहापर्यंत चढून उतरणारी १२३४५६५४३२१ ही संख्याही भेटते. नऊच्या त्या गुणाकाराच्या दोन्ही बाजूंचा वर्ग केला, की ८१ आपोआप बाहेर येतो.

स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी 'हर्षद' म्हटलं. मात्र नऊपर्यंतच्या एकांच्या वर्गांत हे साधतं ते फक्त एक, तीन आणि नऊ एकांना. दोन, चार, सहा, आठ एकांचे वर्ग विषम, तेव्हा सम बेरजेने भाग जाणार कसा? पाच एकांच्या वर्गाच्या शेवटी एक येतो, म्हणून तोही बाद. राहिले सात. सात एकांच्या संख्येलाच सातने भागून पाहा. बाकी एक उरते.