नवा कारभारी, जुना संगणक



चिखली-मेहकरकडच्या दुकानात सोयाबीनचं नवं बियाणं आलं, की आपला शेतकरी आधी विचारतो, "आमच्या वावरात कसं येईल?" पिशवीवरच्या चित्राला तो भुलत नाही. शाळेतल्या संगणकापुढं बसल्यावर मात्र हा प्रश्न आपण विसरतो. पडद्यावर सूचना येते, नवी आवृत्ती घ्या. आणि नवी म्हणजे सुधारलेली, असं आपण धरून चालतो.

कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचा कारभारी. पडदा, कळफलक, प्रिंटर, सर्वांकडून तोच काम करून घेतो. विंडोज १० हा कारभारी २०१५ साली आला, विंडोज ११ हा २०२१ साली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं दहाची नेहमीची विनामूल्य देखभाल थांबवली. त्यानं संगणक बंद पडत नाही. पण कुंपणाला नवं भगदाड पडलं, तर ते बुजवायला कोणी येत नाही.

मग अकरा खरोखर सरस आहे काय? कुलूप अधिक पक्कं आहे, हे मान्य केलं पाहिजे. टीपीएम २.० नावाची चिप ती मागते. गुप्त किल्ल्या तिच्यात निराळ्या राहतात. पण इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे बहुतेक प्रोसेसर तिला चालत नाहीत. म्हणजे २०१६ साली घेतलेला, आजही निकालपत्रकं बिनतक्रार छापणारा संगणक नापास! सुधारणा कंपनीची आणि खर्च शाळेच्या माथी, हे काही मला पटत नाही. बाकी पुष्कळसा बदल रंगसफेदीचा. स्टार्टचं बटण डावीकडून मध्ये आलं, इतकंच.

हे बटण २०१२ च्या विंडोज ८ मधून काढूनच टाकलं होतं, बरं का! लोक कुरकुरले, तेव्हा २०१३ साली ८.१ मध्ये ते परत आलं.

याउलट विंडोज ९८ वर मराठी लिहायचं, तर रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले फॉन्ट लागत. तालुक्याच्या संगणकावर तोच फॉन्ट नसला, की अर्जाची नुसती अगम्य चिन्हं होत. विंडोज २००० मध्ये युनिकोडची देवनागरी आली, आणि एका संगणकावरचं मराठी दुसऱ्यावर मराठीच राहू लागलं. तिला सुधारणा म्हणावं.

आता शाळेनं काय करावं? अकरा चालत असेल, तर घ्यावी. पण आधी एकाच संगणकावर घालून प्रिंटर नीट चालतो ना, ते पाहावं. चालत नसेल, तर संगणक भंगारात देऊ नका. लिनक्स फुकट मिळते. सी-डॅकची 'बॉस' ही त्यातलीच. केरळातल्या सरकारी शाळा लिनक्सवरच शिकवतात. दहाच ठेवायची झाली, तर त्या संगणकाचं इंटरनेट तोडा, बँकेचं आणि शालार्थचं काम दुसरीकडे करा, आणि मुलांना त्यावर खुशाल टंकलेखन शिकवा.

हे सारं उन्हाळ्याच्या सुट्टीत उरकावं, फायलींची नक्कल आधी पेनड्राइव्हवर उतरवून. जूनअखेर शाळा भरली, की मग सवड कुठली?