धारेचा दगड
(कामठी येथील बैठकीतील भाषण)



आज कापसाच्या भावावर बोलणार नाही. आज बोलायचे आहे विळ्याच्या धारेबद्दल. काही जण हसले. हसा; पण हसून झाले की एक हिशेब करा. समजा ज्वारीच्या सोंगणीला दहा बाया लावल्या. विळे बोथट. प्रत्येकीचा दिवसाला एक तास ओढाताणीत गेला, तर दहा तास गेले. म्हणजे सव्वा दिवसाची मजुरी तुम्ही बोथटपणाला दिली. संध्याकाळी बांधावर उभे राहून आपण काय म्हणतो? बाया काम रेटत नाहीत! हातातला विळा कुणी पाहिला? घरधनी आपली कुऱ्हाड घासून ठेवतो, कारण ती त्याच्या खांद्यावर असते. निंदणाचे खुरपे बाईच्या हातात असते, म्हणून ते वर्षभर तसेच.

पूर्वी गावात लोहार होता. खळ्यावर त्याला धान्य मिळायचे आणि त्या बदल्यात तो वर्षभर पास शेवटून द्यायचा, विळ्याला पाणी द्यायचा. खळ्यावरचे बलुते गेले आणि बऱ्याच गावांतून लोहारही गेला. पास शेवटायला अजून बाजाराच्या गावी जावेच लागते, त्याला इलाज नाही. पण रोजची धार घरी लावता येते, आणि त्यासाठी चांगला दगड लागतो.

दगडाची गोष्ट कामठीतच सांगायला हवी. भूगर्भशास्त्र शिकणाऱ्या मुलांना कामठी हे नाव पुस्तकात भेटते. ज्यांच्या नावाचे कॉलेज नागपुरात आहे, ते हिस्लॉप १८६३ साली वारले. त्यांनी इथल्या आणि सिलेवाड्याच्या वाळूच्या दगडातून पुरातन झाडपाल्याचे ठसे गोळा केले होते. त्या थराला पुढे कामठीचेच नाव मिळाले. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी आणलेली ही वाळू आहे. (कोळशाच्या खाणी आहेत त्या याच थराच्या खाली.) नागपूरच्या पश्चिमेला काटोलकडे गेलात, पुढे वर्धा, अमरावतीकडे गेलात, की हा दगड संपतो आणि काळा पाषाण लागतो.

आता धारेच्या दृष्टीने फरक पाहा. खनिजांचा कठीणपणा १ ते १० आकड्यांत मोजतात. हिरा १०. विळ्याचे पोलाद साधारण साडेपाच ते साडेसहा. वाळूतली गार ७. म्हणजे वाळूचा दगड पोलादाला खातो. शिवाय त्यातला वरचा कण झिजून गळला की खालचा ताजा, टोकदार कण वर येतो. काळ्या पाषाणातली खनिजे ६ च्या आसपास, पोलादाच्याच जोडीची. त्यावर विळा घासला की चकाकी येते, धार येत नाही. थोड्याच दिवसांत दगडच गुळगुळीत होतो. आपल्या कपाशीची काळी माती त्या पाषाणाने दिली, पण विळ्यासाठी त्याचा उपयोग नाही.

तेव्हा इकडच्या मंडळींनी वाळूचा दगड वापरावा. तो सारख्या कणाचा असावा, चिरा नसावी, ठोकल्यावर खणखणीत वाजावा. पाणी टाकून जुने लोखंड घासून पाहा. पाणी लवकर काळे झाले तर दगड खातो आहे. पलीकडच्यांनी बाजारातला कार्बोरंडम घ्यावा. त्याचा आणि कुरुंदाचा कठीणपणा ९ च्या घरात. कुरुंद आपल्या भंडारा जिल्ह्यातही सापडतो. दोन बाजूंचा दगड मिळतो, एक जाड, एक बारीक. आकडा जितका मोठा तितका कण बारीक. दुकानदार उलटे सांगेल, फसू नका. बोथट झालेल्याला आधी जाड बाजू, रोजच्याला बारीक. एका बाईच्या एका दिवसाच्या मजुरीत असा दगड येतो.

वापरायची रीत. दगड ओला हवा. कोरडा घासला की भुकटी छिद्रांत बसते, आणि वाळूच्या दगडाची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर निघत नाही; खाणकामगारांना विचारा. पाण्यावर वापरायच्या दगडाला तेल लावू नये, मग तो पाणी धरत नाही. विळ्याचे पाते दगडावर आडवे टेकवा, पाठ थोडी उचला, आणि तो कोन शेवटपर्यंत हलू देऊ नका. कुऱ्हाडीला पाठ जास्त उचलावी, नाही तर पातळ धार पऱ्हाटीच्या खोडावर दुमडते. एका बाजूने घासत राहा. पलीकडच्या बाजूला बोटाला बारीक खरखर लागली की समजा धार टोकापर्यंत आली. मग दुसरी बाजू, आणि शेवटी हलक्या हाताने ती खरखर काढा. तपासायला धार उन्हाकडे धरा. पांढरी रेघ चमकली तर ती जागा अजून बोथट आहे.

दात्यांचा विळा मात्र या दगडावर दात्यांच्या बाजूने घासू नका. दाते तीनधारी कानशीने, एकेक करून.

आता बाजारातले विजेचे चाक. दोन मिनिटांत काम होते, ठिणग्या पाहून बरेही वाटते. पण पाते निळे पडले की समजा तीनशे अंशांच्या आसपास तापले आणि पाणी उतरले. ती निळी जागा पुन्हा धार धरत नाही. मग आपण म्हणतो, हल्लीचे लोखंडच खराब. कमानीच्या पाट्याचा उत्तम विळा आम्ही असा वाया गेलेला पाहिला आहे. चाकच वापरायचे तर क्षणभर टेकवा आणि पाण्यात बुडवा.

आणखी एक. फरदड ठेवू नका, डिसेंबर-जानेवारीत पऱ्हाटी काढा, हे गुलाबी बोंडअळीमुळे आम्ही दरवर्षी सांगतो. तुम्ही म्हणता, माणूस मिळत नाही. खरे आहे. म्हणून जो मिळतो त्याच्या हातात धारेची कुऱ्हाड द्या. डवऱ्याचेही तसेच. पास बोथट असली की तण मुळाशी कापत नाही, नुसते झोपते. चार दिवसांत उभे राहते, आणि बैल फुकट ओढतात.

दगड मधोमध खोलगट झाला की फेकू नका. फरशीवर ओली वाळू टाकून त्यावर घासा, सपाट होतो. मागच्या बाजूला दोन्ही प्रकारचे दगड आणि पाण्याची बादली ठेवली आहे. ज्या बहिणींनी विळे आणले आहेत त्यांनी आधी बसावे, पुरुषांनी नंतर.