जामीन आणि पुन्हा अटक



जामीन सोपा केला की गुन्हे वाढतात, असे म्हणतात. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने २०२० साली बहुतेक किरकोळ गुन्ह्यांत पैशाचा जामीन बंद केला. न्यूयॉर्क शहराविषयीच्या २०२३ च्या अभ्यासानुसार, असे सुटलेल्यांपैकी ४४ टक्के दोन वर्षांत पुन्हा पकडले गेले. जुन्या पद्धतीतील तशाच आरोपींत हे प्रमाण ५० टक्के होते. मात्र नजीकच्या काळात अनेकदा अटक झालेल्यांत ते वाढले. म्हणजे धोका वर्तनात असतो, खिशात नव्हे.

तारण नसेल तर बँक अनेकदा कर्ज नाकारते. स्वातंत्र्यही नाकारायचे काय? १९७९ साली हुसैनआरा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गरिबांना जातमुचलक्यावर सोडण्याचा मार्ग दाखविला. विद्यार्थ्यांनो, तो वस्तीत समजावून सांगा.