संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी
(संस्थेच्या पालक मेळाव्यात एका डॉक्टरांनी केलेले भाषण)



रुग्णालयात उपचारापूर्वी संमतिपत्र पुढे येते. पुष्कळदा ते इंग्रजीत असते. मग वडील माणसे कॉलेजातल्या मुलाला म्हणतात, "बेटा, वाच, काय लिहिलंय?" मुलगा 'धोका' हा शब्द वाचतो आणि सारे घर घाबरते. म्हणून आज एका उपचाराचे धोके सरळ सांगतो.

यकृताचा कर्करोग झालेल्या पुष्कळ रोग्यांचे यकृत आधीच कठीण झालेले असते. यकृताचा भाग कापून काढणे त्यांना सोसत नाही. अशा वेळी सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनमध्ये पाहत, पोटाच्या कातडीतून सुई थेट गाठीत घालतात आणि विद्युत्-लहरींनी किंवा मायक्रोवेव्हने गाठ तापवतात. उष्णता ६० अंश सेल्सियसच्या वर गेली की तेथील पेशी लगेच मरतात. गाठ ३ सेंटिमीटरपर्यंत असेल तर गुण उत्तम येतो. मोठ्या रक्तवाहिनीजवळ मात्र वाहते रक्त उष्णता पळविते आणि गाठीचा अंश मागे राहू शकतो.

आता धोका किती? इटलीतील अनेक रुग्णालयांतील २,३२० रोग्यांची पाहणी २००३ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ६ जण दगावले, म्हणजे हजारी तिनांहूनही कमी. ५० जणांना, म्हणजे शेकडा दोनांहून किंचित अधिक रोग्यांना, गंभीर त्रास झाला: पोटात रक्तस्राव, यकृतात पू, आतड्याला छिद्र, सुईच्या वाटेवर रोगाचा फैलाव. हे आकडे लहान आहेत, पण शून्य नाहीत.

म्हणून सहीपूर्वी विचारा: गाठ आतड्याला किंवा पित्तनलिकेला लागून आहे काय? रक्त गोठण्याची तपासणी झाली काय? रोगी रक्त पातळ करण्याची गोळी घेत असेल, किंवा पित्तनलिकेवर पूर्वी शस्त्रक्रिया झाली असेल, तर न विचारताही सांगा. अशा शस्त्रक्रियेनंतर पू होण्याचा धोका बराच वाढतो.

घरी आल्यावर थोडे दिवस बारीक ताप, अंगदुखी व थकवा येणे नेहमीचे आहे. परंतु थंडी वाजून ताप चढला, पोटदुखी वाढत गेली, डोळे पिवळे झाले किंवा चक्कर येऊ लागली, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच रुग्णालय गाठा. आणि बरे वाटले म्हणून पुढची तपासणी चुकवू नका. एक गाठ जळाली तरी यकृत तेच राहते. त्यात नवी गाठ येऊ शकते.

विद्यार्थी मित्रांनो, घरातला कागद तुम्ही वाचता. केवळ शब्द वाचून दाखवू नका. धोका कोणता, किती आणि त्यावर उपाय काय, हे डॉक्टरांना विचारून घरच्यांना आपल्या भाषेत समजावून सांगा. शिक्षणाचा घराला याहून मोठा उपयोग कोणता?